येथे धान स्वीकारले जाते

बुधवारी सकाळी फोन वाजला तेव्हा केवलराम हातझाडेला वाटलं, शेजाऱ्याचा वाजतोय. त्याचा स्वतःचा फोन वाजण्याचे दिवस केव्हाच सरले होते. एकेकाळी केशोरीत आणि आसपासच्या टोल्यांवर, लहानसहान वस्त्यांवर, दुकानाची पाटी म्हटली की केवल पेंटर, लग्नघर म्हटलं की भिंतीवर केवल पेंटरचा गणपती, आणि निवडणूक म्हटली की केवल पेंटर आठ-आठ दिवस घरी जेवायलासुद्धा नाही. मग फ्लेक्स आला. सख्ख्या पुतण्याने, वीरेंद्रनेच, चौकात फ्लेक्सचं दुकान टाकलं आणि काकाच्या पोटावर पाय दिला, तोही हसत हसत, उद्घाटनाला काकाच्या पाया पडून. तेव्हापासून केवलरामचा फोन मुका होता.

"हॅलो, पेंटरभाऊ काय?"

"हो, बोला ना."

"तुमच्याकडं बारदाना भेटते, का घरून आनावा लागते?"

"कायचा बारदाना?"

"धानाचा, भाऊ. अजून कायचा रायते?"

धानाच्या रिकाम्या पोत्यांचं पेंटरला काय विचारायचं, कोणीतरी थट्टा करतोय, असं समजून केवलरामने फोन ठेवला. चहाचा कप तोंडाला लावतो तोच दुसरा. त्याला सातबारा लागतो की आधार कार्डावर भागतं, हे हवं होतं. तिसऱ्याने यंदा बोनस आहे का ते विचारलं. चौथा तर रामराम न करताच म्हणाला, "ठोकळ घेता का बारीकच?"

केवलरामचं डोकं फिरलं. "अरे बापा, मी पेंटर आहो, पेंटर! धानाचं मले काय विचारून राहिला?"

"पेंटरच तं पाहिजे. बोर्डावर तुमचाच नंबर हाय ना!"

बोर्ड हा शब्द ऐकला आणि केवलरामच्या हातातला कप तिथेच थांबला. सबंध वर्षात त्याने एकच बोर्ड रंगवला होता.

तो बोर्ड कृपासदनाचा. गावाबाहेर, अर्जुनीच्या रस्त्याला पळसाच्या झाडांमागे सिस्टर लोकांचं ते घर आहे. ज्यांना कोणी नाही अशा म्हाताऱ्या-कोताऱ्यांना तिथे ठेवून घेतात, न्हाऊमाखू घालतात, औषधपाणी करतात. गावातले लोक त्याला नुसतं 'सिस्टरचं घर' म्हणतात. केवलरामनेही त्या घराकडे कधी वळून पाहिलं नव्हतं. आपलं तिथे काय काम, असंच त्याला वाटे.

पण गेल्या वर्षी त्याची माय शांतीबाई गोठ्यात घसरली आणि तिचा खुबा मोडला. गोंदियात ऑपरेशन झालं. आता बुढी खाटेवरून उठायची नाही, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं. म्हणजे शांतीबाईंनी सोडून सगळ्यांनी. तेव्हा कृपासदनाच्या सिस्टर जसिंता टोप्पो स्कूटीवरून रोज घरी यायला लागल्या. जशपूरकडच्या, ठेंगण्या, काळ्यासावळ्या, हसल्या की डोळे मिटून जायचे. मराठी त्यांना समजे सगळं, बोलताना मात्र हिंदीत घुसत. त्या शांतीबाईंना धरून उभं करायच्या आणि शांतीबाई त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. अशा शिव्या, की रुख्मा, केवलरामची बायको, पदराआड तोंड लपवी. सिस्टर म्हणायच्या, "एक कदम और, माई. फिर गाली देना." असं करत करत शांतीबाई अंगणात आल्या, मग दारात, मग काठी टेकत देवळापर्यंत. आता तर त्या दुसऱ्यांच्या घरात जाऊन त्यांच्या सुनांच्या चुकासुद्धा काढायला लागल्या होत्या. गावाने ओळखलं, बुढी पूर्ण बरी झाली.

केवलराम सिस्टरला विचारायला गेला, काय द्यायचं. सिस्टरनी हात जोडले. "कुछ नहीं देना, केवलजी. आते रहिए."

रुख्माने ते शब्दशः घेतलं. ती एक दिवसाआड सकाळी तिथे जाऊन भाजी चिरू लागली, म्हाताऱ्या बायांचे केस धुऊन वेणी घालू लागली. येताना तिथल्या चार गमती घेऊन यायची आणि दिवसभर हसायची. केवलरामला मात्र ते जिव्हारी लागून राहिलं. बायको हाताने करते, आपण काय करायचं? स्वयंपाक येत नाही, ओझं उचलवत नाही, आणि जे येतं ते आता कोणाला नको. मायचे पाय त्या बाईने परत दिले आणि आपण नुसता नमस्कार करून आलो, ही गोष्ट त्याला जेवताना आठवे, मग घास गोड लागत नसे.

दिवाळी झाल्यावर सिस्टर सहज बोलून गेल्या, रस्त्याने एवढे लोक जातात, आत काय आहे कोणाला ठाऊक नाही, एक बोर्ड असता तर बरं झालं असतं. वीरेंद्र तिथेच होता. "उद्या फ्लेक्स लावून देतो, सिस्टर, फुकटात," म्हणाला. केवलराम ताडकन उठला.

"फ्लेक्स नाही! फ्लेक्स एका उन्हाळ्यात फाटते. मायी माय ज्या पायानं चालून राहिली, त्या पायाचा बोर्ड हाय हा. हा मी करीन."

आणि त्याने केला, सगळा जीव ओतून. जाड पत्रा आणला, घासला, त्यावर दोनदा पांढरा हात दिला. खडूच्या दोरीने ओळी मारल्या. ट्रंकेच्या तळाशी गुंडाळून ठेवलेले जुने ब्रश काढले. वर निळ्यात 'कृपासदन', त्याखाली बारीक काळ्या अक्षरांत 'निराधार वृद्धांचे घर', आणि मधोमध, सगळ्यात मोठ्या तांबड्या अक्षरांत, सिस्टरनी सांगितलेली ओळ. सिस्टरनी सांगितली होती हिंदीत, 'यहाँ दान स्वीकार किया जाता है'. त्याने ती आपली मराठीत उतरवली. कोपऱ्यात पेंटरलोकांच्या रिवाजाप्रमाणे 'केवल आर्ट्स, केशोरी' आणि मोबाइल नंबर. रविवारी बोर्ड लागला. शांतीबाईंनी पत्र्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. सिस्टरनी मेणबत्ती लावली, प्रार्थना म्हटली. अक्षर ओळखीचं नसलेल्या शांतीबाई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या. सिस्टर बोर्डाकडे पाहत राहिल्या, मग केवलरामकडे, मग शांतीबाईंकडे, आणि त्यांचे डोळे मिटले. "बहुत सुंदर," त्या म्हणाल्या. केवलराम त्या दिवशी आपल्या लग्नातही मिरवला नसेल इतका मिरवला.

आणि आता हे धानाचे फोन.

तेवढ्यात रुख्मा धापा टाकत दारात आली. सकाळी भाजी चिरायला म्हणून गेलेली बाई, हातात अजून विळा होता.

"अवो, चाला जी लवकर! सिस्टरच्या दारात ट्रॅक्टरची लाइन लागली."

"कायले?"

"धान घेऊन आले सारे. म्हनून राहिले का इथं धान खरेदी केंद्र उघडलं म्हनून!"

केवलरामने सायकल काढली. यंदा कापणी होऊन, मळणी होऊन धान घराघरांत पडून होतं आणि सरकारी खरेदी केंद्राचा अजून पत्ता नव्हता. अशा दिवसांत कोणी नुसतं 'केंद्र' म्हणून शिंकला असता तरी लोकांनी ट्रॅक्टर जोडले असते. ते खरं, पण माणसांनी सिस्टरच्याच घरी का यावं? हा प्रश्न तो पायडल मारत मारत स्वतःला विचारत होता. उत्तर त्याला रस्त्याच्या वळणावरच दिसलं. लांबून, बारीक काळी ओळ दिसत नव्हती, निळं नाव झाडाआड गेलं होतं. दिसत होती फक्त ती मोठी तांबडी ओळ.

येथे धान स्वीकारले जाते.

केवलराम सायकलवरून उतरला. पुन्हा वाचलं. अक्षर काय सुरेख होतं! शिरोरेषा कशी सुतात होती, 'स्वी'ची वेलांटी कशी डौलात वळली होती. फक्त 'दा'च्या जागी 'धा' होता.

दोष द्यायचा तर त्याच्या हाताला द्यावा लागेल. फ्लेक्स येण्याआधी दर वर्षी याच दिवसांत त्या हाताने सोसायटीचे 'धान खरेदी केंद्र' असे बोर्ड रंगवले होते, आणि तांबडा रंग ब्रशला लागला की हात डोक्याला न विचारता 'धा' काढायचा. बरं, वाचणारेही त्याच मातीतले. रविवारी सगळा गाव बोर्डाखाली उभा होता, पण एकालाही काही खटकलं नाही. ज्या मुलखात बांधापासून ताटापर्यंत धानच धान, तिथे डोळ्यांना दुसरं काय दिसणार? मग कोणीतरी त्या एका ओळीचा मोबाइलवर फोटो काढला, खाली 'केंद्र सुरू' असं लिहिलं, आणि तो फोटो टोल्याटोल्यांवर पोचला.

फाटकाशी ही गर्दी. ट्रॅक्टर, बैलगाड्या, दोघंतिघं तर मोटरसायकलवर धानाचे कट्टे, भरली पोती, आडवी बांधून आलेले. सगळ्यांत पुढे सेवकराम डोंगरवार, पहाटेच निघून नंबर लावलेला, आवाज असा की पळसावरचे कावळे उडून गेले होते. ओसरीवर सिस्टर जसिंता हात जोडून उभ्या.

"भैया, यहाँ खरीदी नहीं होती. ये तो बुजुर्गों का घर है."

"सिस्टर, तुमी नाही म्हनता, पन बोर्ड हो म्हनते!" सेवकराम ओरडला. "डिझेल जाळून आलो मी. तुमच्या साहेबाले बलवा!"

केवलराम गर्दीच्या मागे उभा होता. आपल्याला कोणी पाहिलेलं नाही, तेव्हा गुपचूप सायकल वळवावी, असं त्याच्या मनात आलं. आलं म्हणजे चांगलंच आलं, त्याने हँडलसुद्धा फिरवलं. तेवढ्यात सेवकरामने खिशातून फोन काढला. "थांबा, त्या पेंटरलेच विचारतो. नंबर देला हाय ना!" आणि पाठीमागे, सगळ्या लायनीच्या शेवटी, केवलरामचा खिसा ठणठणून वाजायला लागला.

सगळ्या माना एकदम वळल्या. फोन बंद करावा हेदेखील त्याला सुचेना.

"चूक मायी हाय," केवलराम म्हणाला. मग पुढच्यांनाही ऐकू जावं म्हणून त्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं. "सिस्टरची काही चूक नाही. दान लिवाचं होतं. धान लिवलं मी."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग एकाने बोर्ड अक्षर अक्षर लावून वाचला, आणि हशाचा असा लोट उठला की बैलांनी माना हलवल्या. काही हसत होते, काही चिडले होते, बरेचसे दोन्ही करत होते. "पेंटर, मोतीबिंदू काढून घे गा!" "याच्यापरीस फ्लेक्स बरा होता, कॉम्प्युटरवर तरी वाचून पायलं असतं!" हे शेवटचं केवलरामच्या काळजात गेलं. बाकी सगळं त्याने सोसलं असतं. मायच्या पायांसाठी एक गोष्ट निर्दोष करून द्यायची होती, आयुष्यात शेवटची म्हणून, आणि तिची ही अशी टिंगल व्हावी, तीही त्या बाईच्या दारात! त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्याने मान खाली घातली.

म्हणून रस्त्याने कोण येतंय ते त्याला सगळ्यांत शेवटी दिसलं.

लायनीतला हसण्याचा आवाज मागून पुढे विझत आला. रस्त्याच्या कडेकडेने, काठी टेकत, एक एक पाऊल मोजून टाकत शांतीबाई येत होत्या. मघा रुख्माने आणलेली बातमी ऐकून निघालेल्या, घरापासून इथवर. देवळाच्या पलीकडे त्या खुबा मोडल्यापासून गेल्या नव्हत्या. रविवारी बोर्डालासुद्धा कृपासदनाच्या गाडीतून आल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम, आणि तोंडाचा पट्टा सुरूच.

"काकी!" सेवकराम ट्रॅक्टरवरून खाली उतरला. "चालत आली तू?"

"मंग का उडत येईन? अन् तू कायले ओरडून राहिला? वळनापासून आयकून राहिली मी, माया पोराच्या बोर्डाले हासून राहिले तुमी सारे."

"माय, मायी चूक झाली ना," केवलराम पुढे होऊन म्हणाला. "दान लिवाच्या जागी धान लिवलं मी."

शांतीबाई बोर्डाकडे पाहत राहिल्या, जणू आता वाचताच येणार होतं. "मंग याच्यात चूक कोन्ती झाली?"

"माय, दान म्हंजे..."

"दान म्हंजे काय ते मले नोको शिकवू. तुया बापानं कधी कोनाले नोटा देल्या का? खळ्यावर जो आला, त्याले सूपभर धान देलं. हजामतीले वारीक आला, धान. लोहार आला, धान. सोंगाड्या आला, त्यालेबी धान. आमी तं दान म्हनून धानच देत आलो." त्यांनी काठी उचलून सेवकरामच्या ट्रॉलीवर आपटली. "सेवक्या, यात काय हाय?"

"धान, काकी."

"अन् तिथं काय लिवलं हाय?"

सेवकरामने बोर्डाकडे पाहिलं. "धान."

"मंग उतरव!"

आता जो हशा झाला तो निराळा होता. सेवकराम स्वतःच त्यात सगळ्यांच्या वरताण हसत होता. "काकी, मारतं का मले? सारं उतरवलं तं घरची बाई मले घरात घेईन का?"

"सारं कोन मांगून राहिलं? तुले पोट हाय, घरचे हायत. एक कट्टा उतरव. याईच्या दारातून भरली गाडी तशीच परत नेशीन, तं लाज नाही वाटनार?"

सेवकरामने कट्टा उतरवला. एकट्यानेच पाठीवर घेतला आणि ओसरीवर नेऊन टाकला. खाली ठेवताना मात्र तो थोडा घुटमळला, मग सिस्टरना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मघा आवाज चढला, सिस्टर. मनात नोका ठेवू." सिस्टरनी त्याच्या धुळकट डोक्यावर हात ठेवला.

मागच्या गड्याने आपला कट्टा उतरवला, तोच कोणीतरी ओरडलं, "ए, ठोकळ देऊन राहिला काय गा? घरी चिन्नोर खातो अन् सिस्टरले ठोकळ!" त्या बिचाऱ्याच्या घरी चिन्नोर, तो वासाचा बारीक धान, खरोखरच होता. तो चिडून ट्रॅक्टर घेऊन गेला आणि तासाभरात चिन्नोरचा कट्टा घेऊन परत आला. आणि आधीचा ठोकळही परत मागितला नाही. मग काय, चढाओढ लागली. कोणी कट्टा, कोणी अर्धा, मोटरसायकलवाल्याने घमेलंभर. दुपारपर्यंत कृपासदनाच्या अंगणात धानाची रास झाली आणि तिचा गोडसर वास घरभर पसरला.

आता हे ठेवायचं कुठे? सिस्टरनी कपाळाला हात लावला. त्यांच्या घरात तांदूळ दुकानातून पिशवीत यायचा. धान कसं साठवायचं असतं याची तिथे सोयच नव्हती. पण सोय करणारे अंगणातच उभे होते. दोघंजण बांबू तोडायला गेले, बाकीच्यांनी मागची पडवी मोकळी केली, आणि उन्हं कलायच्या आत तिथे तट्ट्याची कोठी उभी राहिली, शेणाने सारवून. कोठी बांधता बांधता कोणाला पडवीचं फुटकं कौल दिसलं, तेही बदललं. अर्जुनीच्या राईस मिलवाल्या इंद्रकुमारशेठला फोन लावला तर तो म्हणाला, "सिस्टर, जब चाहो भेज दो, कुटाई का एक पैसा नहीं लूँगा." मग जरा थांबून, "बस, कोंडा रख लूँगा." यावरही सगळे हसले, कारण कोंडा सोडेल तो इंद्रकुमारशेठ कसला.

घरातली म्हातारी मंडळी ओसरीवर उन्हात येऊन बसली होती. त्यांच्यात मनिराम म्हणून एक बुढा होता, एरवी भिंतीकडे तोंड करून पडून राहणारा. तो कधी उठला कोणाला कळलं नाही. राशीजवळ गेला, ओंजळभर धान उचलून नाकाशी नेलं, मग शांतीबाईंची काठी उचलली आणि राशीवर आलेल्या कोंबड्यांना हाकलायला लागला. रास कोठीत जाईपर्यंत तिथून हलला नाही. शांतीबाईंना काठीवाचून बसून राहावं लागलं, त्याबद्दल त्यांनी त्याला भरपूर शिव्या दिल्या. त्यानेही परत दिल्या. सिस्टर म्हणाल्या, मनिरामजींचा आवाज त्यांनी आजच ऐकला.

आणि रुख्मा! एवढी माणसं उपाशी कशी पाठवायची म्हणून तिने चुलीवर मोठं गंज चढवलं होतं. गावातल्या बायकांना निरोप धाडला, त्या वांगी, मिरच्या, कोथिंबीर घेऊन आल्या. वर तिने शेतकऱ्यांकडे तणसाचे, धानाच्या पेंढ्याचे, भारेही मागून ठेवले, सिस्टरना नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी लागतात म्हणून. सेवकराम म्हणाला, "देवाचा गोठा हाय तं तनीस मीच आनून देतो, चांगलं पिवळंधम्मक."

केवलराम मात्र या सगळ्यात नव्हता. तो घरी जाऊन पांढऱ्या रंगाचा डबा, तांबडा डबा आणि ब्रश घेऊन आला होता. बोर्डाला शिडी लावली, वर चढला. सगळं गोड झालं होतं, मान्य. पण चूक ती चूक. आधी पांढरा हात द्यायचा, वाळला की नीट 'दा' काढायचा. त्याने डब्यात ब्रश बुडवला.

"रुकिए, केवलजी."

खाली सिस्टर जसिंता उभ्या होत्या. "मत मिटाइए."

"सिस्टर, चूक हाय ना ते. लोक हासतात."

"मैंने तो उसी दिन पढ़ लिया था."

केवलरामचा ब्रश हवेतच राहिला. पांढरा थेंब त्याच्या पायावर पडला. "रविवारीच? मंग काऊन नाही सांगितलं?"

"आपकी माई ताली बजा रही थीं," सिस्टर म्हणाल्या. "मैं कैसे बोलती?"

केवलराम शिडीवरच बसून राहिला. सिस्टर मग हळूहळू, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत सांगू लागल्या. जशपूरला त्या लहान असताना पौषातल्या पुनवेला सगळी पोरं टोपली घेऊन घरोघर जायची, छेरछेरा म्हणायची, आणि प्रत्येक घरातून ओंजळ ओंजळ धान मिळायचं. कोणी नाही म्हणत नसे. ज्याच्या घरी कमी असे तोही मूठभर घाली. रविवारी बोर्डावर तो शब्द वाचला आणि त्यांना ती टोपली आठवली. वाटलं, राहू दे. कोणी मूठभर आणून दिलं तर दिलं. "आज तो पूरी कोठी भर गई," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे हसून मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

केवलरामने पांढऱ्या डब्याचं झाकण लावलं. त्याला इतकं हलकं वाटत होतं की शिडीवरून उतरताना दोन पायऱ्या गाळल्या. सकाळी ज्याची लाज वाटली होती त्याच बोर्डाकडे त्याने पुन्हा मान वर करून पाहिलं, आणि त्याला तो फार आवडला.

"नंबर तरी मिटवू का मी?" त्याने विचारलं. "फोन तं येतच राहीन."

"नंबर रहने दीजिए. कोई तो चाहिए फोन उठाने वाला. मैंने कहा था ना, आते रहिए? अब आपका काम मिल गया."

अंगणात पंगत बसली. एका ओळीत शेतकरी आणि म्हातारी माणसं मिसळून बसली होती. सेवकरामच्या शेजारी मनिराम होता. शांतीबाई दात पडलेल्या एका बाईला भात कालवून देत होत्या आणि भात मऊ झाला म्हणून सुनेला बोलतही होत्या. रुख्मा वाढता वाढता नवऱ्याकडे पाहून हसली. केवलराम पत्रावळीपुढे बसला, पहिला घास उचलला, आणि खिसा वाजला.

"हॅलो, पेंटरभाऊ काय? तुमी धान घेता म्हनते."

केवलराम ताठ बसला. "घेतो ना."

"भाव काय देता?"

"भाव नाही भेटत," केवलराम म्हणाला. "जेवन भेटते."

पलीकडच्या माणसाने ते शेजारच्या कोणाला तरी ओरडून सांगितलं. मग त्याने विचारलं, "भाजी कायची हाय?"

"वांग्याची," केवलराम म्हणाला, "अन् येतानी बारदाना घरूनच आन."